संगणकांच्या गो-स्पर्धेला चषक नको, वेळापत्रक हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरला की कोकणातल्या अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या महाविद्यालयांत तंत्रमहोत्सवांचे फलक लागतात. रोबोंची शर्यत, चोवीस तासांची प्रोग्रॅमिंग स्पर्धा आणि हल्ली नावात 'एआय' असलेले काहीतरी. बक्षीस वाटले, फोटो निघाला की सगळे दीड दिवसाच्या गणपतीसारखे विसर्जित. पुढच्या वर्षी नवी मुले, नवे फलक, आणि मागच्या वर्षीचा प्रोग्रॅम कुणाच्या तरी लॅपटॉपसोबत पुण्याला गेलेला.

याऐवजी एक सुचवायचे आहे. गो खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमची ऑनलाइन स्पर्धा दर महिन्याला, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी घ्यावी. मंडप लागत नाही, लाउडस्पीकर लागत नाही, रत्नागिरीच्या मुलाला सावंतवाडीला जाण्यासाठी एसटी पकडावी लागत नाही. मात्र घोडे कुठे पेंड खाते ते आधी माहीत हवे. या स्पर्धा बहुधा प्रोग्रॅमच्या बुद्धीमुळे फसत नाहीत. घड्याळ, 'पास' (म्हणजे आपली पाळी सोडणे; दोघांनी लागोपाठ सोडली की डाव संपतो) आणि वीज या तीन गोष्टींमुळे फसतात.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. हे 'गो' म्हणजे मालवणी मुलखात बायकांना हाक मारताना लावतात ते 'गो' नव्हे. पूर्व आशियातला हा पटावरचा खेळ. एकाकडे काळे खडे, दुसऱ्याकडे पांढरे. खडा रेघांच्या छेदावर ठेवायचा, एकदा ठेवला की हलवायचा नाही. चारी बाजूंच्या मोकळ्या जागा बुजल्या की खडा किंवा खड्यांचा गट उचलला जातो. शेवटी ज्याने पटाचा जास्त भाग व्यापला तो जिंकला. मोठ्या पटावर १९ गुणिले १९ म्हणजे ३६१ छेद असतात, मधल्यावर १६९, लहानावर ८१. नियम तासाभरात समजतात, पण संगणकाला हा खेळ बुद्धिबळापेक्षा कितीतरी उशिरा जमला.

तैवानमधल्या इंग प्रतिष्ठानाने निष्णात माणसाला बरोबरीने हरवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी चार कोटी तैवानी डॉलरचे बक्षीस लावले होते. २००० साली त्याची मुदत संपली, बक्षीस कुणी नेले नाही. पुढे २००५ पासून केजीएस या सर्व्हरवर प्रोग्रॅमच्या मासिक स्पर्धा सुरू झाल्या. त्याच सुमारास सीगॉस हा सर्व्हर आला. तिथे प्रोग्रॅम जोडून ठेवला की तो रात्रंदिवस एकामागून एक डाव खेळत राही. २००६ मध्ये तुरिनच्या संगणक ऑलिम्पियाडमध्ये क्रेझी स्टोन हा प्रोग्रॅम लहान पटावर पहिला आला. मॉन्टे कार्लो म्हणजे यदृच्छेने हजारो डाव शेवटपर्यंत खेळून खेळी निवडण्याची पद्धत त्यातून सर्वांच्या नजरेत भरली. त्यानंतर दहा वर्षांनी, मार्च २०१६ मध्ये, सोलला अल्फागो या प्रोग्रॅमने कोरियाचा अव्वल खेळाडू ली सेडोल याला ४–१ ने हरवले. हे सगळे मासिक स्पर्धांमुळे घडले असे कुणी म्हणणार नाही. पण मधल्या वर्षांत हौशी प्रोग्रॅमरांना आपली नवी कल्पना पुढच्याच आठवड्यात तपासून पाहायला जागा होती, ती या स्पर्धांनीच दिली. चार कोटींच्या बक्षिसाने ती दिली नव्हती.

आता आपल्याकडे काय करावे ते. सुरुवात लहान पटाने करावी. मोठ्या पटाचा मोह होतो, कारण 'खरा' गो तोच. पण मोठ्या पटावर प्रत्येकी पंधरा मिनिटे दिली तरी एका डावाला अर्धा तास जातो आणि एका संध्याकाळी पाच फेऱ्यांपलीकडे मजल जात नाही. लहान पटावर प्रत्येकी पाच मिनिटे पुरतात. म्हणजे डाव फार तर दहा मिनिटांचा, आणि दर बारा मिनिटांनी नवी फेरी. सहा प्रोग्रॅम असतील तर प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा काळ्याने, एकदा पांढऱ्याने खेळायचे म्हटले की दहा फेऱ्या आणि तीस डाव होतात. दोन तासांत सगळे आटोपते. रात्री आठला सुरू, दहाला तक्ता तयार. फेऱ्या लावण्याची युक्ती जुनीच आहे. एकाला जागेवर बसवायचे आणि बाकीच्यांना दर फेरीला एकेक घर पुढे सरकवायचे. पाच फेऱ्यांत सगळ्यांच्या गाठी पडतात, मग रंग उलटे करून तेच पुन्हा.

संख्या विषम असेल तर दर फेरीला कुणीतरी बसून राहतो. हे टाळायला संयोजकांनी आपला एक घरचा प्रोग्रॅम तयार ठेवावा. त्यासाठी जीएनयू गो उत्तम. तो फुकट आहे, जुन्या संगणकावरही पटकन खेळतो आणि त्याचे बळ वर्षानुवर्षे तेच राहते. २००९ च्या ३.८ आवृत्तीनंतर त्यात फारसा बदल नाही. इथे हा दोष नसून गुण आहे, तो का ते पुढे येईल.

नियमांच्या बाबतीत मात्र हयगय चालत नाही. गोमध्ये मोजणीच्या दोन रीती आहेत. जपानी रीतीत फक्त वेढलेली मोकळी जागा आणि पकडलेले खडे मोजतात. चिनी रीतीत मोकळी जागा अधिक पटावरचे आपले खडे. संगणकांच्या स्पर्धेला चिनीच घ्यावी. कारण साधे आहे. डावाच्या शेवटी पटावर काही खडे 'मेलेले' असतात, म्हणजे ते वाचणार नाहीत हे दोन्ही माणसांना दिसते आणि ते न खेळताच उचलले जातात. दोन प्रोग्रॅमचे यावर एकमत होईलच असे नाही. चिनी रीतीत मतभेद झाला तर पुढे खेळून ते खडे प्रत्यक्ष पकडून दाखवता येतात. स्वतःच्या जागेत खडा टाकल्याने गुण कमी होत नाहीत. जपानी रीतीत प्रत्येक अशा खेळीला एक गुण जातो, म्हणून वाद पंचाकडे येतो आणि पंचालाही तितका गो यायला लागतो.

तेव्हा नियम असा लिहावा: पटावर जे खडे उरले ते सगळे जिवंत धरले जातील, मेलेले असतील तर पास करण्यापूर्वी पकडा. हे वाक्य नोंदणीच्या कागदावर ठळक छापा, कारण नव्या प्रोग्रॅमचे सर्वांत जास्त डाव याच ठिकाणी जातात. काळ्याने पंधरा छेदांची जागा वेढली आहे आणि आत पांढऱ्याचा एकच मेलेला खडा आहे, असे समजा. काळा प्रोग्रॅम 'जिंकलो' म्हणून पास करतो, पांढराही करतो. आता यंत्र मोजते: त्या जागेतले उरलेले चौदा छेद काळ्यालाही भिडतात आणि त्या एका पांढऱ्या खड्यालाही भिडतात, म्हणून ते कुणाचेच नाहीत. वर तो खडा पांढऱ्याच्या खात्यात. काळ्याचे पंधरा गेले, पांढऱ्याला एक मिळाला; ८१ छेदांच्या पटावर सोळा गुणांचा फटका म्हणजे हातचा डाव गेला. जीएनयू गोला यासाठी चिनी नियम लावण्याचा आणि सर्व मेलेले खडे पकडण्याचा असे दोन पर्याय सुरू करतानाच द्यावे लागतात. पहिलाच देऊन दुसरा विसरणे ही संयोजकांची नेहमीची चूक.

पांढरा दुसरा खेळतो म्हणून त्याला भरपाईचे गुण मिळतात, त्याला कोमी म्हणतात. लहान पटावर ७.५ ठेवली तर बरोबरी होत नाही, निकाल सुटसुटीत राहतो. पण दोन्ही प्रोग्रॅम तगडे असले की पांढऱ्याचे पारडे जड होते. काळ्याला ४४ आणि पांढऱ्याला ३७ छेद मिळाले तर ७ कोमीला डाव बरोबरीत सुटतो, ७.५ ला पांढरा अर्ध्या गुणाने जिंकतो, आणि लहान पटावर ४४–३७ वारंवार येते. आमचे मत ७ ला आहे, बरोबरीला अर्धा गुण द्यावा. विद्यार्थ्यांच्या नवशिक्या प्रोग्रॅमना कोणतीही चालेल, कारण ते चाळीस गुणांनी हरतात किंवा जिंकतात. फक्त कोमी मध्येच बदलू नये.

तसेच 'को'चे. नुकताच पकडलेला खडा लगेच परत पकडून पट पूर्ववत करता येत नाही, हा साधा नियम सगळ्यांना माहीत असतो. पण तीन ठिकाणी एकाच वेळी को असला की साधा नियम न मोडताही पट फिरून मूळपदावर येतो आणि दोन यंत्रे कंटाळा न करता तेच करत बसतात. म्हणून पटाची आधी येऊन गेलेली कोणतीही स्थिती पुन्हा आणायची नाही, असा व्यापक नियम ठेवावा. त्यासाठी प्रोग्रॅमने प्रत्येक स्थितीची खूण साठवून ठेवायला हवी. ज्याने ती सोय केली नाही तो एखाद्या दिवशी बेकायदा खेळी करून हरेल, आणि ते न्याय्यच. आत्महत्येची खेळी, म्हणजे टाकल्याबरोबर आपलाच गट उचलला जाईल अशी, निषिद्ध ठेवावी. खेळींचीही मर्यादा असावी, लहान पटावर २५० पुरे. ती ओलांडली की पट जसा असेल तसा मोजावा. नाहीतर पास करायलाच न शिकलेला एखादा प्रोग्रॅम स्वतःच्याच जागा बुजवत बसतो.

प्रोग्रॅम आणि सर्व्हर एकमेकांशी जीटीपी नावाच्या साध्या मजकुरी भाषेत बोलतात. 'बोर्डसाइज ९', 'क्लिअर बोर्ड', 'कोमी ७', मग समोरच्याची खेळी कळवायला 'प्ले' आणि तुमची मागायला 'जेनमूव्ह'. वीसेक आज्ञा आल्या की काम भागते. मुलांचे आठवडे यात जातात ते तीन क्षुल्लक कारणांनी. पहिले, उत्तर बरोबरच्या (=) चिन्हाने सुरू होऊन त्यानंतर एक रिकामी ओळ यावीच लागते. ती नसेल तर सर्व्हर उत्तर पूर्ण होण्याची वाट पाहत बसतो आणि तुमचे घड्याळ चालू राहते. दुसरे, प्रोग्रॅमने उत्तर लिहिले तरी ते भाषेच्या साठवणीत म्हणजे बफरमध्ये अडकून राहते. प्रत्येक उत्तरानंतर बफर रिकामा करण्याची आज्ञा द्यावीच लागते. पडद्यावर हाताने चालवून पाहताना हा दोष दिसत नाही, सर्व्हरला जोडले की दिसतो. म्हणूनच 'माझ्याकडे चालत होते' हे वाक्य दर स्पर्धेत ऐकू येते. तिसरे, स्तंभांच्या अक्षरांत 'आय' वगळलेले असते. 'एच'नंतर थेट 'जे'. हे ध्यानात न घेतलेला प्रोग्रॅम पटाच्या डाव्या बाजूला शहाण्यासारखा खेळतो आणि उजव्या कडेला वेड्यासारखा. दोष शोधण्यासाठी छापलेल्या ओळी मुख्य मार्गावर न सोडता त्रुटींच्या मार्गाने सोडाव्यात, नाहीतर सर्व्हर त्यांनाच खेळी समजतो.

वेळेची आज्ञा लिहिताना संयोजकही चुकतात. तिच्यात तीन आकडे असतात: मूळ वेळ, जादा वेळ आणि त्या जादा वेळात करायच्या खेळी. पाच मिनिटांच्या सरळ डावाला ३००, ०, ० असे द्यायचे. कुणी ३००, ५, ० दिले तर जीटीपीच्या ठरावाप्रमाणे त्याचा अर्थ 'वेळेचे बंधनच नाही' असा होतो. प्रोग्रॅम निवांत विचार करू लागतो आणि सर्व्हर त्याला वेळ संपली म्हणून हरवतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि भांडण पंचाच्या दारात.

आणि आता घड्याळ. सर्व्हरचे घड्याळ खेळी पाठवल्यापासून उत्तर येईपर्यंत चालते, त्यात वाटेतला वेळही आला. लहान पटावर मेलेले खडे पकडेपर्यंत डाव चालवला तर एका बाजूच्या चाळीसेक खेळी होतात. वाटेत दर खेळीला अर्धा सेकंद गेला तर वीस सेकंद, तीनशेपैकी. ते सोसवते. पण कड्याआड वसलेल्या वाडीत मोबाइलच्या एका काडीवर डाव चालला असेल आणि दर खेळीला दोन सेकंद जात असतील, तर ऐंशी सेकंद नुसते हवेत जातात. उपाय दोन्हीकडून करावा. सर्व्हरने प्रत्येक खेळीमागे अर्ध्या सेकंदापर्यंतचा वेळ माफ करावा. बारा मिनिटांच्या फेरीत तो सहज मावतो. आणि प्रोग्रॅमने पाच मिनिटांऐवजी चारच मिनिटे आपली आहेत असे समजावे. दर खेळीपूर्वी 'टाइम लेफ्ट'ने उरलेली वेळ कळवली जाते, ती वाचावी. आपल्या मनातल्या घड्याळावर विसंबू नये. वेळ कशी वाटावी याचा साधा हिशेब असा: उरलेल्या वेळेचा विसावा-पंचविसावा भाग या खेळीला द्यायचा. त्यामुळे सुरुवातीला जास्त, शेवटी कमी वेळ जातो आणि घड्याळ कधीच पूर्ण संपत नाही.

काटागोसारखा ग्राफिक कार्डावर चालणारा प्रोग्रॅम आणला असेल तर आणखी एक गंमत होते. त्याची ओपनसीएल (निरनिराळ्या कंपन्यांच्या कार्डांवर चालणारी) आवृत्ती पहिल्यांदा सुरू झाली की त्या कार्डाला जुळवून घेण्यासाठी काही मिनिटे स्वतःची चाचणी करते. हे जर पहिल्या डावात घडले तर जगातल्या सर्वांत बलवान प्रोग्रॅमांपैकी एक असूनही एक खडा न ठेवता तो हरतो. आदल्या दिवशी त्याची बेंचमार्क आज्ञा एकदा चालवावी, आणि ज्या पटावर खेळायचे त्याच पटासाठी चालवावी.

विजेबद्दल कोकणातल्या वाचकांना काय सांगावे! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. जूनमध्ये पहिल्या वाऱ्याला माडाची झावळी तारेवर पडते आणि संध्याकाळ गेली. आमचा सल्ला असा की खेळ विजेशी जुळवून घ्यावा. बाजारातल्या साध्या ६०० व्हीए यूपीएसवर डेस्कटॉप आणि पडदा मिळून दहा-पंधरा मिनिटे तग धरतात. लहान पटाचा एक डाव त्यात बसतो. ही फेरी पुरी करून पुढची थांबवता येते. मोठे ग्राफिक कार्ड असेल तर मात्र हा हिशेब विसरा. अशा यूपीएसची ताकद साधारण ३६० वॉटपर्यंत असते, त्याहून भार वाढला की तो लगेच मान टाकतो. सर्वांत हास्यास्पद चूक म्हणजे संगणक यूपीएसवर आणि राउटर साध्या बोर्डात. राउटरला बारा व्होल्टचा छोटा बॅकअप स्वतंत्र घ्यावा, तो काही तास पुरतो. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवत असाल तर मागचे बटण यूपीएसच्या बाजूला आहे ना ते पाहा. दुसऱ्या बाजूला असेल तर वीज जाताना क्षणभर जास्त खंड पडतो, पंखा-दिव्याला ते कळत नाही, संगणक मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात ढग गडगडू लागले तर स्पर्धा सरळ पुढे ढकला आणि प्लग काढा. एका डावासाठी मदरबोर्ड जाळण्यात शहाणपण नाही.

जोडणी तुटली तर काय, हे आधी लिहून ठेवावे. आमच्या मते घड्याळ चालूच राहावे, पण परत येणाऱ्याला डाव तिथूनच मिळावा. तेव्हा सर्व्हर पट रिकामा करून आतापर्यंतच्या सगळ्या खेळी 'प्ले'ने एकामागून एक पाठवतो आणि मग 'जेनमूव्ह' मागतो. आपली खेळी फक्त 'जेनमूव्ह'मधूनच होते असे गृहीत धरून लिहिलेला प्रोग्रॅम इथे गोंधळतो, कारण आता त्याच्याच रंगाची खेळी बाहेरून येते. ही चाचणी घरी पाच मिनिटांत करता येते: डाव अर्ध्यावर असताना प्रोग्रॅम बंद करून पुन्हा जोडायचा. ती न करता स्पर्धेला येणारे निम्मे तरी असतात.

दूरच्या जोडणीचा हा सगळा व्याप नको असेल तर दुसरा मार्ग आहे. सर्वांनी आपापले प्रोग्रॅम आदल्या दिवशी पाठवायचे आणि एकाच महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका यंत्रावर खेळवायचे, डाव मात्र सर्वांना ऑनलाइन दिसतील. आठ गाभ्यांच्या म्हणजे आठ कोअरच्या संगणकावर तीन डाव एकाच वेळी चालतात. सहा प्रोग्रॅमना एकेक गाभा, दोन यंत्राच्या स्वतःच्या कामाला. अशा वेळी समोरच्याच्या वेळेत विचार करण्याची मुभा बंद ठेवावी लागते, नाहीतर एक प्रोग्रॅम दुसऱ्याचा गाभा खातो. प्रत्येकाला ४ जीबी स्मृतीची मर्यादा घालावी. खोलीत हवा खेळती ठेवावी, कारण यंत्र तापले की ते आपला वेग स्वतःच कमी करते आणि शेवटच्या फेऱ्यांतले डाव पहिल्यांपेक्षा हळू यंत्रावर खेळले जातात. महिनाआड एकदा असे, एकदा दूरच्या जोडणीने, असे केले तर दोन्ही प्रकारची तयारी होते.

आता ज्यावरून सर्वांत जास्त गैरसमज होतात तो आकड्यांचा मामला. दोन अगदी तुल्यबळ प्रोग्रॅम बारा डाव खेळले तर त्यातला ठरावीक एक आठ किंवा अधिक डाव जिंकण्याची शक्यता सुमारे १९ टक्के असते. दोघांपैकी कुणीतरी तसे करण्याची सुमारे ३९. म्हणजे एका संध्याकाळच्या निकालावर 'माझा नवा बदल चांगला' असे म्हणणे जवळजवळ नाणे उडवण्यासारखे. शंभर डावांनंतरही जिंकण्याच्या टक्केवारीत दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकते, चारशे डावांनंतर पाच टक्के. स्पर्धा मासिक हवी याचे खरे कारण हेच आहे. महिन्याला दहा डाव, वर्षाला एकशेवीस, आणि मग कुठे बोलण्यासारखे काही हाती लागते.

पण महिन्या-महिन्यांचे आकडे जोडायचे तर मोजपट्टी तीच राहिली पाहिजे. बुद्धिबळातले एलो गुण इथेही वापरतात. शंभर गुणांचा फरक म्हणजे बलवानाने शंभरात ६४ डाव जिंकणे, दोनशेंचा म्हणजे ७६. सगळेच प्रोग्रॅम दर महिन्याला सुधारत असतील तर हे गुण तरंगत राहतात, मार्चचे १५०० आणि नोव्हेंबरचे १५०० यांचा संबंध उरत नाही. म्हणून एकाला खुंटीला बांधतात. सीगॉसवर जीएनयू गोला १८०० गुण कायमचे बांधून दिले होते, बाकीच्यांचे त्याच्या तुलनेत ठरत. घरचा प्रोग्रॅम न बदलणारा हवा तो यासाठी.

एक बारीक गोष्ट राहिली. काही प्रोग्रॅममध्ये यदृच्छा अजिबात नसते. असे दोघे समोरासमोर आले की दरवेळी तोच डाव हुबेहूब खेळतात, मग दहा डाव आणि एक डाव सारखेच. पहिल्या दोन-तीन खेळी चिठ्ठी टाकून ठरवाव्यात आणि त्याच सुरुवातीवरून रंग बदलून दोन डाव घ्यावेत. बरोबरी झाली तर दोघांना क्रमांक वाटून द्यावा. टायब्रेकच्या किचकट सूत्रांनी निवडलेला विजेता गणिताने जिंकलेला असतो, गोने नव्हे.

प्रवेशाचे वर्ग दोन असावेत. काटागो आज कुणीही उतरवून घेऊ शकते. एकही खेळी पुढचे न पाहता, केवळ त्याच्या न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे असंख्य डावांवरून शिकलेल्या जाळ्याच्या, पहिल्या अंदाजावर खेळूनही तो जीएनयू गोला सहज मागे टाकतो. त्याला नवे नाव देऊन पाठवणारा कुणीतरी निघणारच. त्याला मोकळ्या वर्गात येऊ द्यावे, 'मूळ प्रोग्रॅम काटागो' असे जाहीर लिहून. दुसऱ्या वर्गात खेळी शोधण्याचा भाग स्वतः लिहिलेला असावा आणि मूळ संहिता (सोर्स कोड) पंचाकडे द्यावी. साधा मॉन्टे कार्लो प्रोग्रॅम पाचशे-सातशे ओळींत होतो. त्यातली ठरलेली चूक सांगून ठेवतो: यदृच्छेच्या डावांत स्वतःचे डोळे, म्हणजे गटाला जिवंत ठेवणारी आतली एकेक मोकळी जागा, बुजवू देऊ नये. नाहीतर ते डाव संपतच नाहीत आणि प्रत्येक गट मेलेलाच दिसतो. एकाच लेखकाचे दोन प्रोग्रॅम एका वर्गात नकोत, ते एकमेकांना डाव देऊ शकतात.

बलवानांपुढे दुबळ्यांनी खेळून काय मिळवायचे, असेही कुणी विचारेल. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका हौशी खेळाडूने काटागोच्या एका बलवान बॉटला पंधरापैकी चौदा डावांत हरवले. बॉटच्या खड्यांच्या गटाभोवती मोठे कडे हळूहळू पुरे करायचे, प्रोग्रॅमला धोका शेवटपर्यंत दिसतच नाही, अशी ती युक्ती. तीही संगणकाच्या मदतीनेच सापडली होती. तेव्हा मोकळ्या वर्गातही अजून शोधण्यासारखे आहे.

दिवस कोणता? आम्ही म्हणतो महिन्याचा दुसरा शनिवार, रात्री आठ. तोवर मुले बाजार, क्लास, क्रिकेट उरकून घरी असतात. बाहेरच्या देशांतले कुणी यायचे तर तेव्हा जागतिक वेळ दुपारचे अडीच आणि जपानात रात्रीचे साडेअकरा. जाहिरातीत दोन्ही वेळा द्याव्यात. गणपतीच्या आणि शिमग्याच्या आठवड्यात घेऊ नये, कुणी येणार नाही. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरण्यात अर्धी घरे गुंतलेली असतात, तेव्हा एकच वर्ग चालवावा, पण बंद ठेवू नये. पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा एकदम जाहीर कराव्यात. शुक्रवारी संध्याकाळी अर्धा तास चाचणी-फेरी ठेवावी आणि तीत न जोडलेल्या प्रोग्रॅमला शनिवारी घेऊ नये. त्यानंतर हाजिर तो वजीर: आठ वाजता जो जोडलेला असेल तो खेळेल, नसेल त्याची वाट पाहायची नाही. तीनच प्रोग्रॅम आले तरी स्पर्धा घ्यावी. एकदा 'या वेळी नको' म्हटले की पुढच्या महिन्यात दोन येतात.

पंच दोन असावेत, दोघांची वीज वेगवेगळ्या गावांतून येणारी. सर्व डावांच्या एसजीएफ फायली, म्हणजे खेळीनिहाय नोंदी, त्याच रात्री खुल्या कराव्यात, हरलेल्याला शिकायचे ते त्यातच असते. महाविद्यालयांकडून मागणे एवढेच की प्रयोगशाळेतला एक संगणक शनिवारी रात्री चालू ठेवायची परवानगी द्यावी, आणि तिथला पहारेकरी दहा वाजण्यापूर्वी मुख्य बटण बंद करणार नाही याची काळजी घ्यावी. आपल्या दैनिकाकडूनही एक मागणे आहे. निकालाचा तक्ता सहा-आठ ओळींचा असतो. रविवारच्या अंकात बुद्धिबळाच्या कोड्याशेजारी तो मावेल.

आपले,
गो-प्रोग्रॅम लिहिणारे काहीजण,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग